खूण विचारल्याशिवाय

लताबाई भोये यांचा आवाज साडेतीन हजार बायका ओळखत होत्या. चेहरा ओळखणाऱ्या शंभरही नसतील. पंचवटीत भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एका आरोग्य संस्थेचं ऑफिस आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसलेली चौपन्न वर्षांची बाई म्हणजे लताबाई. नवखा माणूस जिना चढून आला की त्यांनाच चहा सांगायचा. त्याही खाली जाऊन चहा सांगून यायच्या. मग तोच माणूस मॅडमच्या खोलीत बसून म्हणायचा, "तुमच्या त्या लताबाईंना भेटायचं होतं," आणि मॅडम काचेतून बोट दाखवायच्या.

त्या मूळच्या पेठकडच्या डोंगरातल्या. भात, नागली, वरई एकदा घरात आली की दिवाळीनंतर टोळीबरोबर खाली द्राक्षाच्या बागांत मजुरीला उतरायचं, ही तिकडची रीत. लताबाईंनी नऊ हंगाम तसे काढले. नवरा घोटीला भाताच्या मिलवर हमाल होता, तो पोत्यांची थप्पी कोसळून गेला. मूलबाळ नव्हतं. मागे परत जाण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्या नाशकात आल्या आणि चार ऑफिसांची झाडलोट धरली. त्यातलं एक हे.

संस्थेनं टोळ्यांवरच्या बायकांसाठी फोनवर बोलणारा चॅटबॉट केला होता. लिहिता-वाचता न येणारी बाई मिस्ड कॉल देणार, यंत्र उलटा फोन करून तिचं दुखणं विचारणार, ऐकून ठेवणार, गोळ्यांची नि तपासणीची आठवण करून देणार. त्याला एक भारदस्त संस्कृत नाव ठेवलं होतं, ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. बाया त्याला 'फोनातली बाई' म्हणत. सुरुवातीला या बाईला डोंगरातली बोली ठार कळत नसे. एकदा संस्थेच्या प्रमुख तृप्ती मॅडम आणि दोन शहाणी माणसं एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत बसली होती. लताबाई टेबलाखाली केर काढत होत्या. त्या खालूनच म्हणाल्या, "अंगावरून जातंय म्हणते ती. तीन आठवडे झाले. शेजारी दीर बसलाय, म्हणून हळू बोलतेय."

त्या दिवशी त्यांच्या हातातली केरसुणी सुटली. यंत्राला जे कळत नाही ते ऐकायचं आणि साध्या मराठीत लिहून द्यायचं, ही नोकरी त्यांना लागली. अक्षर प्रौढ वर्गात शिकलेलं, त्यामुळे लिहिणं हळू. ऐकणं मात्र असं की खोकल्यावरून माणूस ओळखावा. पुढे यंत्रातला आवाजही त्यांचाच भरला. कारण शहरी पोरीचा गोड आवाज ऐकून बाया फोन ठेवून द्यायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेनं बसवली, आणि या हकिकतीत सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. टोळीत फोन एकच असतो, मुकादमाचा. पंधरा-वीस बाया त्याच नंबरवरून बोलणार. मग यंत्रानं ओळखायचं कसं, कोण कोण आहे ते? नाव विचारून उपयोग नाही, एका टोळीत तीन-तीन सगुणाबाई निघतात. लताबाई म्हणाल्या, डोंगरात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला निरोप पाठवताना आपण खूण सांगतो ना, तसं करा. प्रत्येक बाईनं आपली एक खूण ठरवावी. काळी शेळी, फुटका माठ, मामाचा बैल, काहीही. फोन लागला की आधी एवढंच विचारायचं, "राम राम, खूण सांगा." खूण पटली तर पुढचं बोलायचं, नाहीतर फोन ठेवायचा. यंत्रात खुणेसाठी रकाना नव्हता, म्हणून ती 'शेरा' नावाच्या रकान्यात लिहायची ठरली. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मुकादम फोन स्पीकरवर उचलायचा, "खूण सांगा" ऐकलं की हाक मारायचा, आणि बाया एकेक करून फोन घेऊन बागेच्या कडेला जायच्या.

त्यात एक गोजराबाई होती. सायखेड्याजवळच्या एका बागेत, बारकू मुकादमाच्या टोळीत. वय पस्तिशीचं. तिला क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत होत्या, एकशे अडुसष्ट दिवस घ्यायच्या. हे दवाखान्याबाहेर दोघींनाच माहीत होतं: तिला आणि फोनातल्या बाईला, म्हणजे लताबाईंना. टोळीला कळलं तर पाण्याच्या हंड्यापासून लांब बसवतील, बागवाला कामावरून काढील, ही तिची भीती. आणि ती भीती काही उगाच नव्हती. रोज साडेबाराला फोन यायचा. ती खूण सांगायची, "गोळी घेतली" म्हणायची, आणि फोन पुढच्या बाईला द्यायची. कितीदा तरी तेवढ्यावर न थांबता दोन वाक्यं जास्तीची बोलायची, आणि ती लताबाईंच्या कानापर्यंत पोचायची.

यंदा जानेवारीत जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. ज्यांनी ते केलं होतं त्यांनी हात वर केले होते. नवीन चॅटबॉट जास्त हुशार होता. बोली समजायचा, आणि लताबाईंच्या आवाजात वाट्टेल ते वाक्य, वाट्टेल ते नाव बोलू शकायचा. जुन्या बाईला ठरावीक वाक्यंच यायची, ती कुणाचं नाव घेऊच शकत नव्हती. सगळ्या बायकांची माहिती जुन्यातून नव्यात न्यायचं काम शेखर नावाच्या मुलाकडे आलं. नाशिकरोडचा, एकोणतीस वर्षांचा, कामाला चोख. त्यानं आधी सगळ्या माहितीची एक प्रत काढून कुलपात ठेवली, दुसरी प्रत घेऊन वेगळ्या मशिनवर रंगीत तालीम सुरू केली. कुलपातला पेन ड्राइव्ह कुणाला हाताळू दिला नाही. तिसऱ्या दिवशी खुशीत येऊन म्हणाला, "लताताई, अकराशे त्रेचाळीस गेले, अकराशे त्रेचाळीस पोचले. एकही हरवला नाही."

"काय अकराशे त्रेचाळीस?"

"माणसं."

"माणसं साडेतीन हजार आहेत, शेखर. तू फोन मोजलेस."

साहेब लोकांना आकडे जुळले की गाढ झोप लागते. लताबाईंनी बारकूचा नंबर उघडायला लावला. नव्या सॉफ्टवेअरनं एक नंबर म्हणजे एक माणूस धरलं होतं. टोळीतल्या सोळा बायकांची मिळून एक बाई झाली होती. तिचं वय सतरा, तेवीस आणि एकेचाळीस होतं, ती सहा महिन्यांची गरोदर होती, तिला क्षय होता आणि तिची पाळी बंद झाली होती. शेखर बघतच राहिला. शेऱ्याचा रकाना तर त्यानं आणलाच नव्हता.

"त्यात काहीच्या बाही लिहिलंय ताई. शेळी, माठ, बैल. नको ती माहिती नव्या ठिकाणी न्यायची नाही, असा नियम असतो."

"नियम बरोबर आहे. पण ही माहिती नाही, हे कुलूप आहे."

पोरगा हेकेखोर नव्हता. चार दिवस खपून त्यानं सगळं पुन्हा केलं. नंबर आणि खूण मिळून एक माणूस धरलं. यावेळी तीन हजार पाचशे बासष्ट निघाले, जुन्याइतकेच. लताबाईंचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, मला एकेक बाई काढून दाखव, जुन्यातली आणि नव्यातली शेजारी शेजारी ठेवून मी वाचते. शेखरनं त्यांना मशीनपुढे बसवलं, आणि जाता जाता सांगितलं, "ही तालीम आहे ताई, इथून बाहेर काही जात नाही. बिनधास्त बघा."

अकराला बसलेल्या लताबाईंनी बारा वाजून गेले तरी मान वर केली नाही. मग त्यांनी गोजराबाईला काढलं, कारण तिचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. जुन्यात जे होतं ते नव्यात होतं. गोळीचा दिवस एकशे अठ्ठाविसावा, बरोबर. खूण, बरोबर. खाली एक बटण होतं, 'ऐकून पहा'. नवीन बाई आपल्या आवाजात कशी बोलते ते ऐकावं म्हणून त्यांनी ते दाबलं. हेडफोनमध्ये काही आलं नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा दाबलं.

शेखर डबा धुऊन आला, त्यानं पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. ते बटण ऐकवत नव्हतं, फोन लावत होतं. तालमीसाठी त्यानं बाहेर जाणारे सगळे मेसेज बंद केले होते, पण कॉलचा दरवाजा वेगळा होता, तो उघडा राहिला होता. आणि खुणा आल्या होत्या तरी आधी खूण विचारायची ही अट अजून घालायची होती, ती उद्याच्या कामांत होती. पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिला कॉल उचलला, एकेचाळीस सेकंद. दुसरा चार सेकंदांत तिकडून तोडला.

"काय बोलली ती?" लताबाईंनी विचारलं.

शेखरनं वाजवून दाखवलं. लताबाईंच्या आवाजात, त्यांच्याच लकबीत, मायेनं: राम राम गोजराबाई. आज तुमच्या टीबीच्या गोळीचा एकशे अठ्ठाविसावा दिवस. गोळी घेतली का? कफात रक्त येतं म्हणाला होतात, ते थांबलं का?

लताबाई उठल्या. शेखर "माझी चूक ताई, माझी चूक" असं म्हणत राहिला. त्या म्हणाल्या, "तुझी आहेच. पण बटण माझ्या बोटानं दाबलंय, आणि तेही दोनदा. गाडी काढ."

सायखेड्याला पोचेपर्यंत अडीच वाजले. लताबाई शेखरच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या होत्या. बागेत टोळीचं काम चालू होतं, बाया मांडवाखाली घड विरळत होत्या. त्यांना बघून कुणी हसलं नाही. बारकू बांधावर आला. साधा माणूस, दोन लेकरांचा बाप. तो वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"गोजरा कुठाय?"

"दोनच्या गाडीत बसवली, बाई. पेठंला." तो पायाकडे बघत बोलला. "मला काय म्हाईत? नेमीपरमानं फोन उचलला, पीकरवर. समदी जेवाया बसलेली. खूण इचारल, असं वाटलं. तुमी तिचं नावच घेतलं."

"मग?"

"मग कोन जेवंल? बायांनी हंडा ओतून दिला. बागवाला आला, त्याच्या कानावर गेलं. म्हनला आजच्या आज न्या. मी तिला वंगाळ काय बोललो नाय, बाई. इचारा कुनाला बी."

"तिच्यापासून आता कुणाला धोका नाही, बारकू. चार महिने गोळ्या चालल्यात. लागण्यासारखं काही राहिलं नाही."

"हे आदी सांगाया पायजे व्हतं."

"आधी सांगायचा हक्क मला नव्हता."

बारकूला ते कळलं की नाही कोण जाणे. तो परत मांडवाखाली गेला. लताबाईंना तिथे उभं राहून फार लाज वाटली. नऊ हंगाम याच कामात काढलेली ही बाई त्या दिवशी बांधावर परकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या पेठला गेल्या आणि पुढे दोन तास चालून पाड्यावर पोचल्या. गोजराबाई अंगणात खुरासणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि लताबाईंच्या हातात न देता त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवला. लताबाईंनी तो उचलून तोंडाला लावला, अख्खा रिकामा केला, आणि आणखी मागितला.

त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर बसत होत्या. लताबाईंनी गोल गोल काही सांगितलं नाही. "माझ्या हातून झालं. यंत्राच्या नाही, माझ्या."

"तुमचाच आवाज व्हता," गोजराबाई म्हणाली. "माजं नाव ऐकलं, मी हात पुसून उठले बी व्हते."

मग तिनं विचारलं, "त्या डब्यात माजं अजून काय काय हाय?"

सहा वर्षांत हा प्रश्न एकाही बाईनं विचारला नव्हता, आणि एकीलाही कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. लताबाईंनी सगळं सांगितलं. नाव, पाडा, खूण. पहिला खोकला कधी आला. सासूला कळू नये म्हणून रक्ताची फडकी कुठे पुरली. लेकीला लागू नये म्हणून तिला वेगळं निजवते ते. नवरा बोलत नाही म्हणाली होती ते. एकदा गोळी घेतल्याचं सांगून झाल्यावर फोन न ठेवता विचारलं होतं, मी मरेन काय, तेही. त्यांनी गाळलं काही नाही.

"हे समदं ठेवलंय?"

"सगळं."

"मी तुमाला सांगितलं व्हतं, बाई. ठेवाया नव्हतं सांगितलं."

याचं उत्तर संस्थेपाशी असेल, कागदोपत्री. ते त्यांनी काढलं नाही.

"पुसून टाका," गोजराबाई म्हणाली.

"गोळ्यांचे चाळीस दिवस राहिलेत. मधेच सोडल्या तर आजार उलटतो, मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. आठवणीपुरतं तरी राहू दे. दुसऱ्या कुणाचा आवाज घालते."

"समदं पुसा. तुमालाच जे पाठ हाय ते बी पुसता आलं तर बगा." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. राग नव्हता तिच्या बोलण्यात, म्हणून ते जास्त लागलं.

उतरताना वाटेत आरोग्य उपकेंद्र लागलं. तिथल्या आरोही सिस्टरना लताबाई ओळखत होत्या. गोजराबाईचं नाव आणि पत्ता सरकारी यादीत होताच. पण लताबाईंनी नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, वरच्या पाड्याकडची फेरी चुकवू नका." सिस्टर हो म्हणाल्या.

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी शेखरला शेजारी बसवलं. जुन्यातून काढ. नव्यातून काढ. तालमीच्या मशिनवरून काढ. तुझ्या लॅपटॉपवरून काढ. तो काढत गेला. शेवटी म्हणाला, "कुलपातली प्रत तेवढी राहिली. पण ताई, काम नीट होईपर्यंत तिला हात लावायचा नसतो."

"मग तिचं पुसलंय असं मी कसं म्हणू?"

तृप्ती मॅडमना विचारून त्यानं तेही केलं. नंतर लताबाईंनी स्वतः पाचही ठिकाणी नाव टाकून शोधलं. पाचही ठिकाणी कुणी सापडलं नाही असं आलं. तिच्या जास्तीच्या वाक्यांतलं एकही वाक्य आता जगात कुठे नव्हतं, लताबाईंचं डोकं सोडलं तर.

पुढचं सांगायला फार नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं त्या स्वतःच म्हणत. पण झोपा पक्का केला एवढं खरं. नवीन सॉफ्टवेअर त्यांनी अडवून धरलं. तालमीत खरं नाव, खरा नंबर वापरायचा नाही. कॉलचा दरवाजा बंद आहे की नाही ते दोघांनी बघायचं. खूण विचारल्याशिवाय फोनातल्या बाईनं राम रामच्या पुढे एक अक्षर बोलायचं नाही, आणि नाव तर कधीच घ्यायचं नाही. आणि प्रत्येक बाईला आधी विचारायचं: तुझं इथे हे हे आहे, नव्या ठिकाणी नेऊ का? शेखर म्हणाला होता, साडेतीन हजार बायकांना विचारायला वर्ष जाईल. तीन महिने गेले. लताबाई बागा-बागांतून हिंडल्या, सहाशेंच्या वर बायांनी नको म्हटलं, त्यांचं सगळं पुसलं. संस्थेत कुणी म्हणालं, आपला आकडा केवढा खाली आला. लताबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बारकूच्या टोळीकडे त्या पुन्हा गेल्या, बागवाल्याला भेटल्या, डॉक्टरना नेऊन क्षयाबद्दल समजावून सांगितलं. बाया ऐकत होत्या, मान डोलवत होत्या. गोजराबाईला परत बोलावू या, असं त्यांतली एकही म्हणाली नाही.

एप्रिल संपता संपता उपकेंद्रांच्या नर्सचं एक प्रशिक्षण पंचवटीच्या ऑफिसात झालं. दुपारच्या सुट्टीत आरोही सिस्टर हातात चहाचा कप घेऊन लताबाईंच्या टेबलाशी आल्या. लताबाईंनी हेडफोन काढला. चाळीस दिवस कधीच संपले होते, ते त्यांनी बोटांवर मोजलेले होते.

"तुम्ही फेरीचं सांगून गेला होतात ना," सिस्टर म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं कुणासाठी ते. तिचं काय झालं सांगू का, ती गोजरा..."

"नको."

"अहो, ऐका तर. तिनं..."

"नको सिस्टर. तिनं पुसायला सांगितलं होतं. मी पुसलंय."

सिस्टर कप टेबलावर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनही काही कळू नये म्हणून लताबाईंनी मान खाली घातली, आणि त्या जाईपर्यंत वर केली नाही.